एकेचाळीस नंबरचा कोपरा

कोपरा मिरेयने उघडला नव्हता. तो आपणहून उघडला. हे तिने त्या शनिवारी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा ते खरं होतं. पण लावेर्नांच्या घरात एखादी गोष्ट चारदा सांगावी लागली, की खरी असूनही तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. जुन्या इमारतीच्या प्रवेशदालनात आता काही उरलं नव्हतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन आणि फरशीवर बाकांच्या पायांचे ओरखडे. राज्यकारभार शिकवणारी ती संस्था गेल्याच आठवड्यात ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या नव्या इमारतीत हलली होती. मागे राहिली होती ती फक्त काचपेटी, कारण ती हमालांच्या हातात द्यायची नाही असं पपांनी बजावलं होतं. चार वाजता नव्या सभागृहाला पपांचं नाव द्यायचं होतं. मंत्रिबाई येणार होत्या, महापौर येणार होते, आणि त्यांच्यादेखत पपा स्वतःच्या हाताने पेटीतला कागद नव्या पेटीत ठेवणार होते. संस्थेची उपसंचालक म्हणून आणि रोलां लावेर्नांची मुलगी म्हणून, दोन्ही नात्यांनी तो कागद आणायचं काम मिरेयचंच होतं.

पेटीत एवढी एकच वस्तू. १९४८ सालची एक उत्तरपत्रिका, चार पानी, निळ्या शाईतली. वर लाल पेन्सिलीने ४१ हा क्रमांक, खाली वीसपैकी अठरा, आणि उजव्या हाताचा वरचा कोपरा आत दुमडून चिकटवलेला. त्या दुमडीखाली परीक्षार्थ्याचं नाव असतं. गुण देऊन झाले की मगच कोपरा उचलायचा, म्हणजे तपासणाऱ्याला आपला कोण नि परका कोण ते कळत नाही. हा कोपरा मात्र साठ वर्षं कुणी उचलला नव्हता. पेटीखालच्या पितळी पट्टीवर कोरलेलं होतं: 'इथे संचालकाच्या मुलालाही नाव नसतं.'

मिरेयने काच सरकवली, कागद दोन्ही हातांनी उचलला आणि वाळक्या शेंगेसारखा बारीक आवाज झाला. कोपरा ताठ उभा राहिला.

न बघण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण बघून नवीन काय कळणार होतं? 'लावेर्न, रोलां' हे दोन शब्द तिथे आहेत हे मोंतारेल गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. तिने बघितलं. मग खिडकीशी जाऊन बघितलं. मग ती, पन्नास वर्षांची, रेशमी झगा घातलेली प्राध्यापक बाई, त्या धुळीच्या फरशीवर मटकन खाली बसली.

तिथे लिहिलं होतं: लावेर्न, ओदेत.

*

जेवणाची वेळ एकची. सव्वा वाजला तरी मिरेयचा पत्ता नव्हता, म्हणून सांद्रीनने बदक वाढायला घेतलं.

सांद्रीन ब्रुनोची बायको, म्हणजे रोलांची सून. पावरोटीवाल्याची पोर. तिला या घरात येऊन वीस वर्षं झाली होती, आणि वीस वर्षांत एका गोष्टीची तिला सवय झाली नव्हती: ही माणसं दोन भागांत बोलतात. संस्थेत उत्तर दोन भागांत लिहायला शिकवतात, प्रत्येक भागाचे दोन पोटभाग, आणि तोंडी परीक्षेला घड्याळ लावून दहा मिनिटं. ते इतकं अंगात मुरलं होतं, की ब्रुनोने तिला मागणी घातली तीसुद्धा 'एक तर' आणि 'दुसरं म्हणजे' करून. जिल्ह्याच्या कचेरीत तो बडा अधिकारी झाला होता तो त्याच जोरावर.

"पपा, आजच्या भाषणाचे दोन भाग कोणते?" तिने बटाटे वाढता वाढता विचारलं.

"पहिला, संस्था. दुसरा, कृतज्ञता," रोलां म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, पांढऱ्या भुवयांचा. आज त्याने निळा सूट घातला होता आणि रुमाल गळ्याशी खोचला होता.

"आणि पोटभाग?"

"प्रत्येकी दोन. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"दहा मिनिटांत बसव," टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून ओदेत म्हणाली. "तुझ्या निरोपाच्या दिवशी सतरा झाली होती. मी घड्याळ लावलं होतं."

"तू सगळीकडे घड्याळ लावतेस."

"कुणीतरी लावायला हवं."

ओदेत रोलांची जुळी बहीण. तो तिच्याआधी वीस मिनिटं जन्मला आणि त्या वीस मिनिटांचा मान आयुष्यभर खात आला. तो संस्थेत प्राध्यापक झाला, मग संचालक, तीस वर्षं परीक्षक मंडळाचा अध्यक्ष. ती त्याच संस्थेच्या परीक्षा विभागात कारकून होती, अडतीस वर्षं. दर प्रवेशपरीक्षेला हजारभर कोपरे दुमडायचे, चिकटवायचे, क्रमांक घालायचे, हे तिचं काम. उजव्या अंगठ्याची कातडी त्या गोंदाने कायमची गुळगुळीत झाली होती. लग्न केलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दर शनिवारी आलूबुखाराचा केक घेऊन यायची.

सांद्रीनला त्या उत्तरपत्रिकेची कथा पहिल्यांदा ऐकवली गेली ती तिच्या स्वतःच्या लग्नात, शँपेनचे पेले हातात असताना. १८७०च्या लढाईत मार खाल्ल्यावर पॅरिसमधल्या काही शहाण्यांना वाटलं, की जर्मनांनी आपल्याला तोफांनी नाही, अभ्यासाने हरवलं. त्यांनी राज्यकारभार शिकवणारी खासगी शाळा काढली. वीस वर्षांनी ती हवा मोंतारेलला लागली, आणि नोटरी एमील लावेर्नने धान्यबाजाराच्या माडीवर अकरा विद्यार्थी जमवले. सगळे चांगल्या घरचे. पुढे त्याचा मुलगा ऑक्ताव्ह शाळा चालवू लागला. महायुद्ध संपलं, सरकारने पॅरिसची शाळा ताब्यात घेतली आणि गावोगावच्या शाळांच्या सरकारी संस्था करायचं ठरवलं. ऑक्ताव्हने किल्ल्या सरकारच्या स्वाधीन केल्या आणि पहिला संचालक झाला. पण गावातलं कामगारांचं वर्तमानपत्र रोज लिहायचं: पाटी बदलली, दुकान लावेर्नांचंच. म्हणून १८४८च्या क्रांतीच्या बरोबर शंभराव्या वर्षी त्याने बंद कोपऱ्याची परीक्षा सुरू केली. कुणीही यावं, बसावं. त्याची दोन्ही मुलंही बसली. पंच्याण्णव उत्तरपत्रिकांत सर्वांत उत्तम ठरली ती एकेचाळीस नंबरची. गुण दिल्यावर ऑक्ताव्हच्या लक्षात आलं, की हे वळण आपल्या घरचं आहे. बायकोने मुलांना गिरवून घेतलेलं. त्याने कोपरा न उघडताच ती उत्तरपत्रिका बाजूला काढली. त्यामुळे रोलांचं एक वर्ष गेलं, पुढच्या वर्षी तो पुन्हा बसला आणि रीतसर पास झाला. ऑक्ताव्ह गेल्यावर १९५६ साली ती त्याच्या खणात सापडली, आणि तिला टाचलेली चिठ्ठी: 'माझ्या घरची. मोजू नये.' अडुसष्ट सालच्या विद्यार्थ्यांच्या बंडात पोरांनी संस्था ताब्यात घेतली, दिसेल ती काच फोडली. या पेटीपुढे मात्र खुर्ची टाकून रात्रंदिवस पहारा केला. अशी ती पेटी.

ऐकून सांद्रीन तेव्हा रडली होती. आता तिला ती पाठ झाली होती.

दार वाजलं. मिरेय आली ती काखेत पुठ्ठ्याची घडी धरून. झग्याला मागे धूळ लागलेली.

"बस, गार होतंय," ब्रुनो म्हणाला. "काय गं, चेहरा असा का?"

"कोपरा उघडला."

"कुठला कोपरा?"

"मी उघडला नाही. मी कागद उचलला आणि तो आपणहून उघडला."

"अगं, मग काय बिघडलं?" ब्रुनो हसला. "उलट छानच की! आज पपांचं नाव भिंतीवरही आणि कागदावरही."

मिरेयने पुठ्ठा उघडून कागद टेबलावर ठेवला, बदकाची थाळी आणि पावाची टोपली यांच्या मधोमध. सगळ्यांत जवळ सांद्रीन होती. आणि या घरच्या रक्ताची नसल्यामुळे की काय, तिला मोठ्याने वाचायची भीती वाटली नाही.

"लावेर्न," ती म्हणाली, "ओदेत."

ब्रुनोच्या हातातला काटा ताटात पडला. रश्श्याचा थेंब उडून त्याच्या बाहीवर बसला, तो त्याने पुसलासुद्धा नाही.

"शक्य नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय. आज, बरोबर आजच्याच दिवशी! मिरेय, पेटीची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"साठ वर्षांचा गोंद आहे, ब्रुनो. शाई तीच, अक्षर तेच. मी खिडकीशी नेऊन दहादा बघितलं."

"आत्या, हे काय आहे?" ब्रुनोने वळून विचारलं. जणू तिनेच काहीतरी सांडलं होतं.

ओदेत पाव कापत होती. तिने काप पुरा केला.

"कोपरा," ती म्हणाली. "तेव्हा पिठाची खळ असायची. साठ वर्षं टिकली म्हणजे चांगलीच टिकली."

पण मिरेय आत्याकडे बघत नव्हती. फरशीवर बसल्या बसल्या तिला एवढंच वाटलं होतं, की हे ऐकून पपांना काय होईल? त्यांचं हृदय सांभाळायला हवं. म्हणून आल्यापासून ती वडिलांकडेच बघत होती, आणि आता ती बघतच राहिली. कारण पपांना काहीच झालं नव्हतं. ते मान खाली घालून बदकाचं हाड बाजूला करत होते.

"पपा, तुम्ही कागदाकडे बघितलंच नाही."

"चष्मा नाही."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे."

*

रोलांने सुरी खाली ठेवली. आता सांगायला हवं हे त्याला कळलं, आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला दोन भाग सुचेनात.

त्याला अठ्ठेचाळीस सालचं ते दुपारचं जेवण आठवलं. याच टेबलावर. रेशनचा पाव, पातळ सूप. बाबा आले, टोपी खुंटीला लावली आणि बसता बसता म्हणाले, "घरची एक उत्तरपत्रिका मी बाजूला काढली. उत्तम होती." बस्स. कुणाची ते बोलले नाहीत. कोपरा न उघडल्यावर बोलणार तरी कसे? आईने रोलांकडे बघितलं. मोलकरणीने रोलांकडे बघितलं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. ओदेतनेसुद्धा त्याच्याकडेच बघितलं, कौतुकाने. मग त्यालाही वाटलं, असेल, माझीच असेल. पेपर बरा गेला नव्हता, पण बाबा का उगाच म्हणतील? निवडलेल्यांचेच कोपरे उघडायचे आणि बाकीच्या उत्तरपत्रिका तशाच बंद अंगणातल्या शेगडीत घालायच्या, अशी रीत होती. नापासाची लाज कुणाला कळू नये म्हणून. त्याची खरी उत्तरपत्रिका त्या शेगडीत गेली.

आठ वर्षं त्याने ते मनापासून खरं मानलं. हे त्याला सांगायचं होतं, की आठ वर्षं मी खोटा नव्हतो.

"तुम्हाला माहीत होतं," मिरेय म्हणाली.

"छप्पन सालापासून."

"छप्पन!"

"बाबांचा खण उघडला तेव्हा. प्रश्न दोन होते, त्यांतला एक लिहायचा होता. मी फ्रँक चलनाच्या घसरणीवर लिहिलं होतं. हा पेपर दुसऱ्या प्रश्नावर आहे. 'मंत्री बदलतो, कारकून राहतो: हे राज्याचं बळ की दुबळेपण?' पहिली ओळ वाचली आणि मला कळलं."

"आणि त्याच खोलीत मी होते," ओदेत म्हणाली. "खणातले कागद मीच लावत होते. माझं अक्षर मला ओळखू येणार नाही? मी त्याला म्हटलं, 'रोलां, कोपरा उघडू का?' तू काय म्हणालास ते सांग ना त्यांना."

रोलांने पाण्याचा पेला पुढे ओढला, म्हणून तिनेच सांगितलं.

"म्हणाला, 'राहू दे. बंदच छान दिसतो.'"

सांद्रीनने तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघरात केटलीची शिट्टी वाजत राहिली, पण कुणीच उठलं नाही.

"मी सव्वीस वर्षांचा होतो," रोलां म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "त्याच आठवड्यात माझी नेमणूक व्हायची होती. मंडळातले सगळे ती चिठ्ठी बघून डोळे पुसत होते. मी काय करायला हवं होतं?"

"फ्रँकच्या घसरणीवर लिहिलं होतं म्हणून सांगायला हवं होतं!" मिरेय ओरडली. "आणि दरवर्षी नव्या मुलांपुढे ते वाक्य म्हणायचात! 'ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नसतात, त्यांच्या जिवावर राज्य तरतं.' मला ते वाक्य लहानपणी पाठ करायला लावलंत तुम्ही. ते आत्याचं?"

"तो 'तरतं' म्हणायचा," ओदेत म्हणाली. "मी 'टिकतं' लिहिलं होतं. 'तरतं' मला कधीच आवडलं नाही."

ही तिची या जन्मातली एकमेव तक्रार असावी अशा सुरात ती बोलली. ते ऐकून मिरेयला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही आवरायला तिला खुर्चीची पाठ धरावी लागली.

"पण तू का नाही बोललीस, आत्या? बावन्न वर्षं! रोज त्या पेटीवरून ये-जा करायचीस."

"परीक्षार्थ्याने आपला कोपरा आपण उघडायचा नसतो."

"हे काय उत्तर झालं?"

"नियमच तो. कोपरा अध्यक्षाने उघडायचा आणि नाव त्याने वाचायचं. आधी बाबा अध्यक्ष होते. त्यांच्या डोक्यातच आलं नाही की तो पेपर माझा असेल. ते खोटे नव्हते गं. इतकं काटेकोर वागणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. काटेकोरपणे त्यांनी माझं आयुष्य बाजूला काढलं आणि रात्री शांत झोपले. वर मला म्हणाले, मुलगी तू, एकदा बसलीस तेवढं पुरे, कचेरीत जागा आहे. मग हा अध्यक्ष झाला. मला वाटलं, हा उघडेल. आज नाही तर पुढच्या वर्षी." ती थांबली. "मला लिस्बनला जायचं होतं. वकिलातीत. गादीखाली नकाशा ठेवला होता मी."

लिस्बनचं नाव त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. रोलांनेसुद्धा नाही. त्याने मान वर करून बहिणीकडे बघितलं आणि मान परत खाली घातली.

*

ब्रुनो तोवर घड्याळाकडे बघत होता. वाईट माणूस नव्हता तो. रेल्वेचा संप असो की नदीचा पूर, संकट आलं की पाच वाजेपर्यंत काय करायचं एवढंच बघायचं, हे त्याच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं.

"दोन भागांत बघू," तो म्हणाला.

"ब्रुनो, नको," सांद्रीन म्हणाली.

"पहिला भाग, आत्यावर अन्याय झाला. मान्य. भयंकर झाला. दुसरा भाग, आता पावणेतीन वाजलेत आणि चारला मंत्रिबाई येणार. चारशे माणसं येणार. आज हे बाहेर पडलं तर नुसते पपा जाणार नाहीत, संस्था जाईल. उद्या प्रत्येक नापास पोरगा विचारेल, माझा कोपरा कुणी बघितला? पपांचं वय बघा. त्यांचं हृदय बघा. म्हणून मी म्हणतो, आजचा दिवस कोपरा परत चिकटवू."

बाहीवरचा रश्श्याचा डाग त्याने आता कुठे पुसला.

"आणि चिकटवायचा तर," तो आत्याकडे वळला, आवाज मऊ करून, "तुझ्यासारखा हात कुणाचाच नाही. कुणाला समजणारसुद्धा नाही."

"तुला लाज आहे का रे?" सांद्रीन उभी राहिली. "तिचंच नाव तिलाच झाकायला सांगतोस? आमच्या दुकानात उंदीर निघाला तर माझा बाप पीठ फेकून द्यायचा, वर साखर भुरभुरवत नव्हता!"

"तू यात पडू नकोस. हे आमचं—"

"घरचं आहे. मोजू नये. माहीत आहे मला."

ब्रुनोने बहिणीकडे बघितलं. मिरेयकडे सगळ्यांनीच बघितलं. कागद तिनेच आणला होता, ओरडली तीच होती. ती आता भावाला फाडून खाईल असं सांद्रीनला वाटलं. पण मिरेय खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे निळ्या कापडाने झाकलेली, पपांच्या नावाची अक्षरं होती, छापून झालेल्या पत्रिका होत्या, आणि दोन वर्षांनी स्वतःला मिळायची संचालकाची खुर्चीही होती. नव्हती असं म्हणता येणार नाही.

"फक्त आजच्यापुरतं," ती हळूच म्हणाली. "सोमवारी मी स्वतः मंडळापुढे सगळं मांडेन. नीट, कागदपत्रांसह. आत्या, तुला चालेल?"

सांद्रीन खाली बसली. दुपारपासून या घरात बसलेल्या सगळ्या धक्क्यांपेक्षा हा तिला मोठा वाटला.

ओदेतने गळ्याचा रुमाल काढला, त्याची घडी घातली.

"गोंद कुठे ठेवलाय?" तिने विचारलं.

"खणात," रोलां म्हणाला. "बाबांच्या मेजाच्या."

*

पांढरा गोंद, बदामाचा वास येणारा, चपट्या डबीत. ओदेतने झाकण फिरवलं आणि तो वास टेबलभर पसरला. बशी मागितली, कुंचला पाण्यात बुडवून रुमालाला टिपला, कागदाखाली कोरं पान सरकवलं. अडतीस वर्षांत किती कोपरे? मोजले नव्हते, मोजायचं कारण नव्हतं. प्रत्येक कोपरा दुमडताना आतलं नाव ती एकदा वाचायची. बेर्त्रां, काझाल, दुमेय. वाचायची, झाकायची आणि मनात म्हणायची, जा बाई, जा रे बाबा, तुझा कुणीतरी उघडेल.

आता समोर तिचं स्वतःचं नाव होतं. अठरा वर्षांच्या मुलीचं अक्षर, 'ओ' चांगला टपोरा. किती ऐटीत लिहिलं होतं! तिला त्या पोरीची दया आली. स्वतःची दया तिने कधी केली नव्हती, पण ही मुलगी वेगळी होती. हिने तर काहीच चूक केली नव्हती.

ब्रुनो मागे उभा राहून बघत होता. मिरेय नखं खात होती.

ओदेतने कोपरा बोटाने उलटा दाबला, मागच्या बाजूला. पानाच्या पाठीला गोंद लावला, दुमड फिरवून तिथे बसवली आणि गुळगुळीत अंगठ्याने टोकापर्यंत घासली. मग ओल्या रुमालाने कड पुसली. नाव आता बाहेरच्या बाजूला होतं, उघडं, सपाट, कायमचं. तो कोपरा आता मिटला नसता, फाटला असता.

"आत्या!" ब्रुनोच्या तोंडून एवढंच निघालं.

तिने डबीचं झाकण लावलं आणि कागद टेबलावरून सरकवत भावापुढे नेला.

"तीस वर्षं तू अध्यक्ष होतास. उघडलेला कोपरा कुणी वाचायचा, ते तुला ठाऊक आहे."

"ओदेत, तिथे चारशे माणसं आहेत."

"निकाल चारचौघांतच लागतो, रोलां."

"नाही वाचलं तर?"

"तर नको वाचूस," ती म्हणाली. "मी तिसऱ्या रांगेत बसेन आणि टाळ्या वाजवेन. मला येतात वाजवता."

केक कुणी कापलाच नाही.

*

नव्या सभागृहात रंगाचा वास होता. खुर्च्या निळ्या, भिंती पांढऱ्या, आणि व्यासपीठामागे कापडाने झाकलेली अक्षरं. मिरेयने स्वागत केलं. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत फुटला, लोकांना ते साहजिक वाटलं. महापौर बोलले. मंत्रिबाई बोलल्या: बंद कोपरा ही या प्रजासत्ताकाची शपथ आहे, वगैरे. मग रोलां उठला.

भाषणाचे कागद त्याच्या आतल्या खिशात होते. पहिला भाग, दुसरा भाग. हातात पुठ्ठा होता. तो पायऱ्या चढला, ध्वनिक्षेपकापाशी आला आणि पुठ्ठा उघडला. पहिल्या रांगेत ब्रुनो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

रोलां बराच वेळ उभा राहिला. इतका वेळ, की कुणीतरी खोकलं. मग त्याने चष्मा नीट केला आणि टाचा जुळवल्या, जशा तो तीस वर्षं निकालाच्या दिवशी जुळवायचा. संस्थेचे जुने विद्यार्थी ते बघून नकळत सरळ झाले. अध्यक्षाने वाचायचं: क्रमांक, गुण, नाव. आणि ज्याचं नाव, त्याने उभं राहून हजेरी द्यायची. आयुष्यात एकदाच ऐकलेलं, पण कुणीच विसरलेलं नसतं.

"परीक्षा अठ्ठेचाळीस सालची," तो म्हणाला. "क्रमांक एकेचाळीस." कागदाची फडफड ध्वनिक्षेपकात ऐकू येत होती. "लावेर्न, ओदेत."

मग शेवटच्या रांगांतून एक घोगरी कुजबुज पुढे सरकत आली. मंत्रिबाईंनी शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं. एक म्हातारा प्राध्यापक उठून उभा राहिला आणि आपण का उठलो ते न कळून तसाच राहिला. तिसऱ्या रांगेत सांद्रीनने ओदेतचं कोपर धरलं, तिला उठवायला.

ओदेत उठली नाही.

"आत्या," सांद्रीन कुजबुजली, "तुझं नाव घेतलं."

"गुण राहिले," ओदेत म्हणाली. मोठ्याने नाही, पण कुजबुज थांबली होती, ते वरपर्यंत पोचलं.

रोलांने कागदाकडे बघितलं. मग कागद खाली केला; तो आकडा त्याला वाचावा लागणार नव्हता.

"वीसपैकी अठरा," तो म्हणाला.

तेव्हा ती उठली. झग्याची चुणी सरळ केली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभी राहिली.

"हजर," ती म्हणाली.